छोट्या सरकारांना, समुद्रावरून

बुधवार, ११ सप्टेंबर, संध्याकाळ
अक्ताऊच्या उत्तरेला, कड्याखाली

छोटे सरकार,

तुम्ही वहिनीचा फोन उचलत नाही, म्हणून हा कागदाचा उपद्व्याप. अक्षर डुगडुगलेलं दिसेल. टेबल नाही, वही स्टिअरिंगवर टेकवली आहे आणि वारा गाडी हलवतोय.

मी समुद्रावर सुट्टीला आले आहे. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, एकटी, आपली जुनी निवा गाडी घेऊन बेयनेऊहून साडेचारशे किलोमीटर. हॉटेल परवडत नाही, म्हणून शेजारची सीट काढून टाकली, त्या जागी घरातला जुना लोकरीचा नमदा अंथरला आणि खिडक्यांना चादरीचे तुकडे कपड्यांच्या चिमट्यांनी लावले. डोकं मागे, पाय डॅशबोर्डखाली. उशाशी थर्मास, कुर्तची पिशवी आणि माझी डेपोतली हातोडी. कुर्तचे ते दह्याचे खारट दगड चघळले की भूक दोन तास गप्प बसते. आणि पंचवीस वर्षं मालगाडीच्या चाकांवर टकटक करून आवाजावरून तडा ओळखला, आता ती हातोडी जवळ नसली तर झोप येत नाही.

तुझ्या दादांना सांगितलं, गुडघ्यांना खारं पाणी हवंय. ते म्हणाले, "गुडघे शनिवारनंतर दुखव. आणि शनिवारी तू घरीच बैस. तुझं तोंड तुझ्या ताब्यात नसतं." लग्न तुझं, पत्रिका 'दादा आणि कुटुंब' अशी आलेली, आणि कुटुंबानं घरी बसायचं! मी किल्ली उचलली.

दादा म्हणतात ते अगदीच खोटं नाही. तुझी आई गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला, शंभर माणसांसमोर, मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नकोस, आता मी आहे ना तुझी आई." उचलली जीभ लावली टाळ्याला. तू माझा हात बाजूला केलास. "वहिनी, माझ्या आईला मी मातीत ठेवून आलोय." याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस.

सगळ्या बेयनेऊला माहीत असलेली आणि कुणीच कधी न बोललेली गोष्ट आता लिहूनच टाकते. तुला मी जन्म दिला. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही आपली रीत. चाळीस दिवसांचा होतास. सासूबाईंनी तुला आपल्या झग्याच्या गळ्यातून आत घातलं, खालून बाहेर काढलं, आणि जमलेल्या बायका त्यांना म्हणाल्या, "बाळंतीणबाई, सुखरूप ना?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या क्षणापासून त्या तुझी आई, माझा नवरा तुझा दादा आणि मी तुझी वहिनी. छातीला फडकं घट्ट बांधून मी त्याच दुपारी चाळीस माणसांची कणीक मळली. पुढे मला दोन मुली झाल्या, त्या माझ्याजवळ राहिल्या. पण पहिलं ते पहिलंच.

शनिवारी तुझ्या नवरीच्या, कुनसुलूच्या तोंडावरचा पडदा उचलतील. गाणारा घरातल्या एकेकाला पुकारेल, ती वाकेल. आणि शेवटी, आपल्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे, नवऱ्याच्या आईनं चांदीचे जुने डूल सुनेच्या कानात घालायचे. आईच्या जागी तुझी थोरली बहीण, बालझान वन्सं, बसणार असं ठरलंय. डूल मात्र सापडत नाहीत. साखरपुड्याला दुकानातले घालून वेळ मारून नेली. सगळ्यांनी मला विचारलं, मी म्हटलं, मला काय माहीत?

ते माझ्याकडे आहेत. तुझ्या आईनं जाण्याच्या आठ दिवस आधी माझ्या मुठीत दिले आणि म्हणाल्या, "तूच घाल सुनेला." हे मी बोलले नाही, कारण खोलीत तिसरं कुणी नव्हतं. शनिवारी मी ते घेऊन येणार आहे. आणि मीच घालणार आहे.

तुझी वहिनी


गुरुवार, १२ सप्टेंबर, सकाळ

छोटे सरकार,

आज उजाडता उजाडता काचेवर ठक ठक. हातोडी उचलली, चिमटा काढून पडदा बाजूला केला, तर बाहेर एक म्हातारा, कानटोपी घातलेला, अंगाला धुरी दिलेल्या माशांचा वास.

"सूनबाई, झोपलीस की मेलीस?"

"झोपले होते. असं ठोठावलंत तर मरेन."

"आणि ती हातोडी?"

"चाकं तपासायला."

"बरं बाई, तपास. पण आधी चहा पी, मग मी विचारीन घरातून पळालीस की हाकललीय ते."

तेमिरखान त्यांचं नाव. पुढच्या खाचेत त्यांची माशांना धुरी द्यायची झोपडी आहे. मी म्हटलं, मी सुट्टीवर आलेय. म्हणाले, "आमची म्हातारी सुट्टीवर जायची तेव्हा मला बरोबर न्यायची. म्हणून तिला सुट्टी कधी मिळालीच नाही." मग एकदम गंभीर झाले. पायाखालची पांढरी जमीन टाचेनं उकरली. वर मिठाचा पापुद्रा, खाली काळा चिखल. "हा वारा वायव्येला वळला की समुद्र चालत येतो. ही जमीन कोरडी दिसते, पण ती फसवते. गाडी वर घे."

"वर वारा लागतो."

"खाली समुद्र लागेल."

जाताना त्यांनी काचेआड ठेवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड पाहिलं, गाडी कुणाला आडवी आली तर फोन करायला आपण नंबर लिहून ठेवतो ते. "हा नंबर कुणाचा?"

"गाडीच्या मालकांचा."

"नाव काय मालकांचं?"

मी थर्मासचं झाकण फिरवत बसले. म्हातारा पोट धरून हसला. "चुकलो बाई. नवऱ्याचं नाव तू कशी घेशील!"

ते गेल्यावर मी बोटांवर मोजलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्यांचं नाही, दिरांचं नाही. तू दीर झालास त्या दिवशी तुझंही नाव माझ्या तोंडाला बंद झालं. बाकीच्या वहिन्या दिरांना टोपणनावं ठेवतात तसं मी तुला 'छोटे सरकार' ठेवलं, आणि दिराची चेष्टा करायचा वहिनीला हक्क असतो, तेवढा मनसोक्त वापरला. चेष्टेच्या नावाखाली तुझे गाल ओढता यायचे.

आठवतं का, सहा वर्षांचा असताना तू यार्डात हरवलास? संध्याकाळची वेळ, गाड्यांची जोडणी चाललेली, आणि तू कुठल्यातरी वॅगनखाली. मी रुळांवरून "छोटे सरकार! छोटे सरकार!" ओरडत पळतेय आणि पॉइंट्समन खदाखदा हसतायत. तुला वाटलं वहिनी खेळतेय, तू आणखी आत लपलास. मग तुझी आई आली. एकदाच हाक मारली, "झालगस!" आणि तू लगेच बाहेर आलास. पाठोपाठ वॅगन हलली.

बघ, नाव लिहिलं. तोंडानं अजून एकदाही नाही. इथे माणूस नाही, काणूस नाही, काल गाडीत पडल्या पडल्या प्रयत्न केला. जीभ वळली नाही.

गाडी मी हलवलेली नाही. इथून समुद्र चांगला दिसतो.

वहिनी


शुक्रवार, १३ सप्टेंबर, दुपार

आज अक्ताऊत तुझ्या इमारतीखाली येऊन गेले, ते तुला माहीतच आहे. पण तू आलास त्याआधी काय झालं ते सांगते.

वन्सं आधी उतरल्या. हातात पातेलं. माझी गाडी पाहून पातेलं टपावर ठेवलं, काच खाली करायला लावली.

"आलीस? बरं झालं, भांड्यांना एक बाई कमीच होती."

"मी सुट्टीवर आहे, वन्सं."

"गाडीत झोपतेस म्हणे. गावभर झालंय. लोक म्हणतील, या घरात थोरल्या सुनेला अंथरूण मिळत नाही." मग डोकं आत घालून, अगदी हळू: "डूल कुठे आहेत?"

"कुठले डूल?"

"उलबोसिन, माझ्या आईच्या खोलीत शेवटचे पंधरा दिवस तुझ्याशिवाय कुणी नव्हतं."

चोराच्या मनात चांदणं. डूल त्याच वेळी माझ्या पोलक्यात होते, रुमालाच्या गाठीत, आणि मला वाटलं त्यांचा आवाज होतोय. मी म्हटलं, "सापडले तर सांगीन."

तेवढ्यात तू आलास. दीड वर्षात पहिल्यांदा तुला एवढ्या जवळून पाहिलं. बारीक झालायस. दाढी करताना हनुवटीखाली कापलंय. तू म्हणालास, "वहिनी, तुमची आणि दादांची सोय हॉटेलात केलीय."

तुमची! तुझ्या तोंडून मी आयुष्यात 'तू' सोडून दुसरं ऐकलं नव्हतं.

"मला समुद्र बरा," मी म्हटलं.

"उद्या या. पण एक विनंती आहे." तू माझ्याकडे नाही, टपावरच्या पातेल्याकडे बघत होतास. "उद्या काही बोलू नका. कुनसुलूच्या माणसांसमोर तरी नको."

"नाही बोलणार."

आवाजातला तडा मला ऐकू येतो, तेवढंच एक काम मला येतं. तो तुझ्या आवाजात होता. राग असता तर मी भांडले असते. तू घाबरला होतास, मला. मी परत कड्याखाली आले. तेमिरखानांनी वरून हात हलवून काहीतरी सांगितलं, वारा वळलाय असं असावं. मी हात हलवला आणि गाडी होती तिथेच लावली.


शनिवार, १४ सप्टेंबर, सकाळी साडेआठ

पाणी चाकांना लागलंय.

जाग आली तेव्हा नमद्याची कड ओली होती. इंजिन सुरू होतं, चाकं फिरतात आणि गाडी आणखी खाली बसते. खाचेतून वर जाणारा रस्ता दिसत नाही, तिथे आता समुद्र आहे. फोनला रेंज नाही. बारा वाजता कुनसुलू दारात येईल.

मी बुडणार नाही, काळजी करू नकोस. मागच्या बाजूनं कडा चढता येतो. हे लिहून झालं की चढेन. पण आधी लिहिते, कारण वर पोचले की मी पुन्हा खोटं बोलेन, मला माझी सवय ठाऊक आहे.

बुधवारी लिहिलं ते खोटं होतं. तुझ्या आईनं डूल माझ्या मुठीत दिले हे खरं. पुढचं नाही. त्या म्हणाल्या, "हे बालझानला दे. झालगसच्या बायकोला तिनं घालू दे." मी विचारलं, "मी का नको?" तेव्हा त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाल्या, "तू घातलेस तर तो कुणाचा, हा प्रश्न लग्नातच उभा राहील पोरी. पोराला त्या दिवशी दोन आयांमध्ये उभं करू नकोस."

तेव्हाही त्यांना तुझीच काळजी होती. मला माझी होती. मी डूल रुमालात बांधले आणि दीड वर्ष सगळ्यांच्या तोंडावर नाही म्हणत राहिले. वन्सं मला चोर समजतात. मी चोरच आहे.

आणि आणखी एक. वारा फिरणार हे मला दोन दिवस माहीत होतं. तरी गाडी हलवली नाही. मी घालायचे नसतील तर कुणीच घालू नयेत, असं माझ्या मनात कुठेतरी होतं. ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं, आत्ता लिहिताना कळलं. तुझं लग्न, आणि मी हे केलं. लाज वाटते रे.

पाणी दाराच्या पट्टीला आलं. निघते.


रविवार, १५ सप्टेंबर

झालगस,

पत्रं कुनसुलूजवळ देऊन दुपारी निघेन. कालचं तू पाहिलंस, पण माझ्या बाजूनं नाही.

मी कड्याच्या निम्म्यावर होते. पोलक्यात डूल, कंबरेला वही, एका हातात हातोडी, तिचं टोक मातीत रोवून वर सरकत होते. गुडघे खरोखरच गेले. तुझ्या दादांना कळलं तर म्हणतील, बघ, मी म्हटलं होतं. एका कपारीत बसले. वर जाता येईना, खाली पाणी. इतकी घाबरले की थर्मास गाडीत राहिला याचं रडू आलं.

तेव्हा वर तुझी गाडी दिसली. तेमिरखानांनी कार्डावरचा नंबर लावून दादांना सांगितलं होतं, "तुमच्या गाडीत बसून एक बाई समुद्राला चाललीय." हे मला नंतर कळलं. मला एवढंच दिसलं की धुळीत एक पांढरा सदरा उभा आहे, लग्नाचा, कॉलरवर नक्षी असलेला. तू पलीकडच्या खाचेत वाकून बघत होतास. माझ्याकडे पाठ.

मी ओरडले, "छोटे सरकार!" वारा माझ्या पाठीकडून तुझ्याकडे जात होता, तुला ऐकू गेलं असणार. तू वळलास, इकडे तिकडे पाहिलंस आणि पुन्हा चालायला लागलास. गाडीचं दार उघडलंस. मला यार्ड आठवलं. मला वॅगन हलताना दिसली.

आणि मी तुझं नाव घेतलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. "झालगस!" एवढ्या जोरानं की घसा अजून बसलेला आहे.

तू दार तसंच उघडं टाकून पळत आलास. नवे बूट, सदरा, सगळं मातीत. कपारीपाशी पोचलास आणि नुसता उभा राहिलास. तोंड पांढरं. म्हणालास, "मला वाटलं, आई हाक मारतेय."

मी म्हटलं, "मीच होते."

"कळलं," तू म्हणालास. मग एकदम ओरडलास, "वेड लागलंय का तुला, वहिनी? पोहता तरी येतं का?"

तुला! त्या ओरडण्यात तडा नव्हता. मी कान देऊन ऐकलं.

तिथेच, तू मला काखेत हात घालून वर ओढत असताना, मी सगळं सांगितलं. डूल, तुझ्या आईचं बोलणं, माझं खोटं. तू ओढतच राहिलास. वर आल्यावर हात पुढे केलास. मी रुमाल सोडून डूल तुझ्या तळहातावर ठेवले. तू मूठ मिटलीस. "बालझान ताई घालेल," म्हणालास. "आईनं सांगितलंय ना."

मी म्हटलं, "हो. तीच घालेल." आणि हे म्हणताना मला जेवढं वाईट वाटेल असं वाटलं होतं, तेवढं वाटलं नाही. वाटलं थोडं. खोटं आता बोलायचं नाही, म्हणून सांगते.

पुढचं तू पाहिलंस. वन्संच्या हातात तू डूल ठेवलेस आणि म्हणालास, "वहिनीनं सांभाळून ठेवले होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या चिखलाकडे पाहिलं आणि दोन शब्द बोलल्या, "झगा बदल." आणि स्वतःचा एक दिला. कुनसुलूच्या कानात त्यांनी डूल घातले तेव्हा मी ताटं घेऊन दाराशी होते. गाणाऱ्यानं "थोरल्या जाऊबाई" पुकारलं, ती माझ्यासमोर वाकली. मी एक अक्षर बोलले नाही. शब्द पाळला की नाही?

संध्याकाळी तेमिरखानांनी गाडी ओढून आणली. दादा म्हणाले हॉटेलात चल. मी म्हटलं, माझी सुट्टी अजून संपलेली नाही. तुझ्या इमारतीसमोर, समुद्राकडे तोंड करून गाडी लावली आणि ओल्या नमद्यावर कोट अंथरून झोपले.

आता आज सकाळचं. तू किनाऱ्याच्या भिंतीपाशी माझ्याकडे पाठ करून उभा होतास, समुद्रात काय शोधत होतास देव जाणे, म्हणून तुला सांगते.

काचेवर ठक ठक. मी हातोडी उचलली. चिमटा काढला तर कुनसुलू. डोक्याला पांढरा रुमाल, कानात ते डूल, एका हातात किटली, दुसऱ्या हातात वाटी. नवी सून पहिल्या सकाळी घरच्यांना चहा देते, पण चार जिने उतरून गाडीपर्यंत चहा आणलेली मी पाहिली नव्हती. तिनं वाटी अर्धीच भरली होती, नीट शिकवलेली पोर आहे. भरून दिली तर 'उठा आता' असा अर्थ होतो. अर्धी म्हणजे बसा, पुन्हा मागा.

"आई, चहा," ती म्हणाली.

मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

तिनं तुझ्या पाठीकडे पाहिलं. "ह्यांनी. म्हणाले, वहिनीला आई म्हणणं मला जमायचं नाही, ती हाक मी एकीला देऊन बसलोय. पण तुला कुणी अडवलंय? तू म्हण."

मी वाटी रिकामी करून परत दिली. तिनं पुन्हा अर्धी भरली. मी पुन्हा परत दिली. तुला तिकडे वाटलं असेल, वहिनीला किती तहान लागलीय, सात वाट्या झाल्या. चहा मला दुसऱ्या वाटीलाच नको झाला होता. पण प्रत्येक वाटीला ती विचारत होती, "आई, आणखी?"

तुझी,
वहिनी